बघायचं, पण बोट लावायचं नाही

ओसाकाजवळच्या साकाई शहरात ओकुदा तातामीचा, म्हणजे घराच्या जमिनीवर घालायच्या जाड गवती चटयांचा, कारखाना होता, आणि तिथे सकाळी साडेआठला एकतीस माणसं ओळीत उभी राहत. आधी वाकून नमस्कार, मग कामाची वाटणी, मग मालकांचं दोन मिनिटांचं भाषण, जे पाच मिनिटांच्या आत कधी संपलं नाही. आणि शेवटी जाहिरातीचं दर्शन. सगळ्यांनी फोन काढायचे, ‘साकाई तातामी बदलणे’ असं लिहून शोधायचं आणि आपली जाहिरात वरून कितवी येते ते बघायचं. मालक विचारीत, “दिसली?” एकतीस तोंडं म्हणत, “दिसली.” मग मालकांचं ठरलेलं वाक्य येई, “डोळे भरून बघा, पण बोट लावू नका. बोट लावलं की शोधयंत्रवाल्यांना चारशे वीस येन गेले.”

तीनच्या चहाला हाच सोहळा पुन्हा. चटयांच्या कडा शिवणारा म्हातारा मिनामी हळूच म्हणे, देवळात माणूस निदान पाच येनचं नाणं तरी टाकतो, आमचा देव दर्शनालाच खूश.

त्या ओळीत शेवटून दुसरी उभी असे कुसाका मित्सुयो. वय एकोणपन्नास, काम जाहिराती सांभाळण्याचं, नोकरी वर्षावर्षाच्या कराराची. हे तिचं पाचवं वर्ष, मार्चअखेर संपणारं. पाच वर्षांच्या पुढे करार गेला, की माणसाला कायम करा म्हणायचा हक्क मिळतो. म्हणूनच पाचवं वर्ष सरत आलं की पुष्कळ मालकांना त्याच माणसात अचानक खोट दिसू लागते. मित्सुयोला हे ठाऊक होतं. ऑक्टोबरात मालकांनी बोलावलं तेव्हा तिने मनातल्या मनात सामान बांधायलाही घेतलं होतं.

पण मालकांनी पुढे केला तो एक कागद. शोधयंत्रवाले प्रत्येक जाहिरातीला दहापैकी गुण देतात. गुण कमी, तर जागा खालची आणि भाव वरचा. ओकुदा तातामीला तीन गुण होते. दर टिचकीला, म्हणजे जाहिरातीवर बोट लागलं की, गावातल्याच दुसऱ्या तातामीवाल्या मोरिमोतोपेक्षा दुप्पट पैसे जात होते, आणि मोरिमोतो म्हणजे मालकांच्या पोटातलं जुनं दुखणं.

“मार्चअखेर याचे सात करा,” मालक म्हणाले, “म्हणजे तुम्हाला कायम करायचं बघू.”

मित्सुयो कामाला लागली. जाहिरातीच्या पहिल्या ओळीत होतं, ‘तीन पिढ्यांची सचोटी’. घरातली चटई फाटलेल्या बाईला सचोटी नको असते, भाव हवा असतो. तिने तिथे लिहिलं, ‘एक चटई साडेचार हजारांपासून, सकाळी नेऊ, संध्याकाळी घालून देऊ’. पुढे पान उघडलं की आधी मालकांचा किमोनोतला फोटो यायचा, तो येईपर्यंत गिऱ्हाईक मोरिमोतोकडे पोचलेलं असायचं. तिने फोटो तळाला नेला, दर वर आणले. मालकांना तिने सांगितलं की तळ हा मानाचा असतो, सगळं पान त्यावर उभं असतं. मालकांना ते पटलं.

तिनाचे चार झाले, आणि गाडी तिथेच रुतली.

नोव्हेंबरात एकदा तिने तासागणिक आकडे काढले. जाहिरात किती वेळा दिसली आणि त्यातल्या किती जणांनी ती उघडली, यावरच तर गुण ठरतात. अख्ख्या साकाईत दिवसाला पाऊणशे माणसं तातामीचा शोध घेत, त्यातली सात-आठ उघडत. वाईट नव्हतं. पण साडेआठच्या सुमाराला एकतीसदा दिसली, उघडली कुणीच नाही. तीन वाजता पुन्हा एकतीस, पुन्हा शून्य. ती कागदाकडे बघतच राहिली. रोज बासष्ट वेळा यंत्राला कोणीतरी सांगत होतं, ही जाहिरात बघितली, नको आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

हे मालकांना सांगायचं कुणी? ती गेली त्यांच्या पुतण्याकडे. शिगेरु व्यवस्थापक होता, म्हणजे सह्या त्याच्या आणि निर्णय काकांचे. त्याने सगळं नीट ऐकलं, मान हलवली आणि म्हणाला, “विचार करतो.”

ओसाकाकडचा व्यापारी ‘नाही’ म्हणत नाही. ‘विचार करतो’ म्हणतो. परगावची माणसं आठवडाभर उत्तराची वाट बघत बसतात. मित्सुयो इथलीच होती. ती त्याच दुपारी जागेवर येऊन बसली आणि कारखान्याच्या वायफायवर आपली जाहिरात दिसूच नये, अशी सोय तिने करून टाकली. वायफाय मालकांनीच लावलं होतं, दर्शनासाठी कामगारांनी आपल्या फोनचे पैसे मागू नयेत म्हणून.

दुसऱ्या दिवशी साडेआठला एकतीस फोनांवर मोरिमोतो पहिला होता. मालकांचा चेहरा आंबला. मित्सुयो पुढे झाली आणि म्हणाली की दुरुस्ती चालू आहे, गिऱ्हाइकांना दिसते, फक्त इथे दिसत नाही, मार्चपर्यंत धीर धरा. मालकांनी धीर धरला, पण दर्शन काही बंद केलं नाही. रोज दोनदा माणसं उभी राहत आणि मोरिमोतोचं दर्शन घेत.

फेब्रुवारीत गुण आठ झाले. टिचकी एकशे नव्वद येनला आली. फोन इतके वाजू लागले, की मिनामी म्हणाला, माझ्या बोटांचा पण करार वाढवा.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मित्सुयो कागद घेऊन मालकांसमोर बसली. शेजारी शिगेरु होता. मालकांनी आकडे वाचले, चष्मा काढला.

“आठ आले. बरं आहे,” ते म्हणाले. “पण कुसाका-सान, आपल्याच माणसांना न दिसणारी जाहिरात कसली? चार महिने मी त्या मोरिमोतोचं तोंड बघतोय.”

मग तिला सांगावंच लागलं. सकाळचे एकतीस, दुपारचे एकतीस. गुण पाडत होतो ते आपणच. सांगताना तिने शिगेरुकडे पाहिलं. तो चहाच्या पेल्यात काहीतरी शोधत होता.

मालकांनी चष्मा परत चढवला. “म्हणजे माझी माणसं रोज निष्ठेने बघतात, ती खोट झाली?”

“मालक, यंत्राला निष्ठा कळत नाही. त्याला उघडलेलं कळतं.”

“आणि हे शिगेरुला माहीत होतं?”

“मला तर आत्ताच कळतंय, काका,” शिगेरु म्हणाला.

कायमच्या कागदाचं मित्सुयोने विचारलं तेव्हा मालक अगदी मऊ आवाजात म्हणाले, “विचार करतो.”

एप्रिलच्या पहिल्या तारखेला शिगेरुने वायफायवरची बंदी उठवली. जाहिरात परत दिसली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मालकांनी हरवलेली जाहिरात शोधून काढल्याबद्दल पुतण्याचं कौतुक केलं. हे मिनामीने तिला फोन करून कळवलं. गुण सात झाले, मग पाच, हेही त्यानेच सांगितलं.

मित्सुयोला अजून दुसरी नोकरी लागलेली नाही. पण सवय मोडवत नाही. रोज सकाळी साडेआठला ती स्वयंपाकघरात चहा ओतते, फोन काढते आणि लिहिते, ‘साकाई तातामी बदलणे’. ओकुदाची जाहिरात दिसते, दिवसेंदिवस जरा खाली. तिनेच लिहिलेली ओळ असते. ती डोळे भरून बघते आणि बोट लावत नाही.

तीन वाजता पुन्हा एकदा.