फोटोतली मेंढी

खो-खोचं वेड आमच्या धाराशिव जिल्ह्याला किती आहे, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. इथली कॉलेजं चांगल्या खेळाडूवरून भांडतात, आणि नुसती भांडत नाहीत, एकमेकांविरुद्ध अर्ज ठोकतात. असाच एक अर्ज यंदा माझ्याविरुद्ध आला. मी उत्तरेश्वर, धाराशिवच्या एका कॉलेजात खो-खो शिकवतो, तेही कंत्राटावर. अर्जात म्हटलं होतं की तामलवाडीच्या अयोध्या या खेळाडू पोरीला आमच्या कॉलेजात ओढायला मी तिच्या वडिलांना जनावर दिलं. पुरावा म्हणून फोटो जोडला होता.

फोटो खराच होता. जूनमध्ये मी अयोध्याच्या घरी गेलो होतो. तिचे वडील बिरू मेंढरं राखतात. पोरगी कॉलेजला पाठवा म्हणून मी चहावर चहा पीत दुपारभर विनवण्या केल्या. शेवटी बिरू हो म्हणाले, उठले, मेंढरांच्या वाड्यातून एक तरणी मेंढी ओढत आणली आणि माझ्या अंगावर लोटली.

"लेक घराभाईर धाडताना संगं मेंढी देतो आमी. लग्नात द्यायची, ती आता देतो. न्या."

मी म्हणालो, "अहो, हॉस्टेलात मेंढी कुठं बांधायची?"

"मग तुमच्या घरी बांधा. लेक तुमच्या हवाली, तिची मेंढी बी तुमच्याच हवाली."

मी नको म्हणून मेंढी त्यांच्याकडे ढकलतोय, ते माझ्याकडे ढकलतायत, आणि त्याच वेळी शेजारच्या कुण्या शहाण्यानं फोटो काढला. लगेच गावाच्या ग्रुपवर टाकलाही. आता कुणीही सांगा, फोटोत ढकलाढकली कशी दिसणार? दोन माणसं आणि मधे एक मेंढी, एवढंच दिसतं. तिचं तोंड नेमकं बिरूंच्या दाराकडे. शेवटी ती टमटममध्ये घालून ढोकीला माझ्या घरी नेली. माझी बायको दीपमाला आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नंतर मात्र मेंढीशी बोलायला लागली.

हसण्यावारी नेलं असतं, पण तामलवाडीत लोक बिरूंच्या तोंडावर म्हणायला लागले, पोरगी विकली. ज्या माणसानं लेकीच्या लग्नातलं देणं आधीच देऊन टाकलं, त्याला हे ऐकावं लागलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. तरी मी गप्प होतो. कारण आमच्या कॉलेजात शिक्षकानं खेळाडूच्या घरून सुतळीचा तोडासुद्धा घ्यायचा नाही, असा नियम आहे आणि पुढच्या महिन्यात मला कायम करण्याची मुलाखत होती. मेंढी आली कुठून गेली कुठं हे सांगितलं, की अयोध्या सुटणार आणि मी अडकणार.

चौकशीच्या दिवशी बिरू धुतलेलं धोतर नेसून, पटका बांधून आले होते. व्हरांड्यात मी त्यांना हळूच विचारलं, "आत काय सांगणार?"

"काय न्हाय."

"अहो, पोरीचं वर्ष जाईल."

"सर, देणं बोलून दाखवलं की त्ये देणं ऱ्हात न्हाय. आमच्या घरात आजवर कुणी बोलून दाखवलं न्हाय."

आत विद्यापीठाच्या चौकशी समितीचे अध्यक्ष कृष्णराज सर बसले होते. माणूस सरळ, पण कागदापलीकडं न बघणारा. त्यांनी फोटो पुढं सरकवला. "ही मेंढी कुणी कुणाला दिली?"

बिरूंनी फोटोकडे बघितलं आणि मान खाली घातली. "त्ये बोलायचं नसतं साहेब."

"म्हणजे तुम्ही घेतली?"

बिरू गप्प. त्यांचे कान लाल झाले होते. अर्ज करणारे दिग्विजय सर, पलीकडच्या कॉलेजचे, खुर्चीत सैल होऊन बसले. कृष्णराज सर म्हणाले, "नकार नाही, म्हणजे कबूल धरावं लागेल. मुलीला वर्षभर खेळता येणार नाही."

अयोध्या दाराशी उभी होती. ती रडली नाही. हाताला बांधलेला रुमाल सोडला, घडी केली आणि खिशात ठेवला. मैदानावर डाव संपला की ती असंच करते. मला ते बघवेना. एवढी वाऱ्यासारखी पळणारी पोर, आणि तिचा बाप माझ्याच डोळ्यांदेखत चोर ठरत होता.

"मेंढी मी घेतली," मी म्हणालो. "यांनी दिली, मी घेतली. ढोकीला माझ्या घरी बांधली आहे. कुणाला बघायची असेल तर चला, दीपमाला चहाही करेल."

दिग्विजय सर खुर्चीत सरळ झाले. मग कृष्णराज सरांनी विचारलं, "याचा अर्थ कळतो ना तुम्हाला?"

"कळतो."

"मुलगी खेळेल," ते लिहिता लिहिता म्हणाले. "तुमच्याबद्दल कॉलेजला कळवावं लागेल. मुलाखतीची आशा ठेवू नका."

बाहेर आलो. अयोध्या माझ्या पाया पडायला वाकली, तिला मी मैदानावर हाकललं. थांबली असती तर मीच रडलो असतो. बिरू मात्र रागानं लालबुंद झाले होते.

"कशाला बोललाव?" ते म्हणाले. "पोरीची मेंढी चार माणसांत उघडी पाडलाव."

"चुकलं माझं."

"नोकरी जाईल म्हणं तुमची?"

"जाईल बहुतेक."

त्यांनी पटका काढला, झटकला, परत बांधला. मग माझा दंड धरला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आणि एक मेंढी देतो. ही तुमची सोताची. पर या बारीला कुणाला बोलू नका."