तक्त्याला कोणी विचारलं नाही

मित्रांनो, मी भिंतीवरचा तक्ता नव्हे. संगणकातल्या साध्या मजकुराच्या फाइलमधला एक जुना तक्ता आहे. थोड्या उभ्या रेघा, थोड्या आडव्या, मध्ये आकडे. दिसायला कुंपणच.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. घरातली मुलगी प्रोग्रॅमर. तिचे बाबा निवृत्त घड्याळजी. डॉक्टरांनी त्यांना रोज सकाळी रक्तदाब लिहून ठेवायला सांगितलं होतं. बाबा तो वर्तमानपत्राच्या कडेला लिहीत आणि पेपर रद्दीत जाई. म्हणून मुलीनं मला आखलं, माझ्या डोक्यावर 'दाब' असं नाव लिहिलं आणि खाली कोडचा एक ठोकळा बसवला. त्याच्या पहिल्याच ओळीत त्याला हुकूम होता, की आकडे 'दाब'कडून घ्यावेत. ठोकळा चालवला की तो माझ्या शेवटच्या सात ओळी उचलायचा, रक्तदाबाच्या वरच्या आकड्यांची सरासरी काढायचा आणि 'ठीक आहे' किंवा 'डॉक्टरांना फोन करा' असं छापायचा.

काय दिवस होते ते! बाबा एका बोटानं, श्वास रोखून टाइप करत. त्यानं दाब वाढत असावा, पण तो आधीच मोजलेला असे. एकदा त्यांनी आकड्याच्या जागी 'आज बरं वाटतंय' लिहिलं आणि ठोकळा अडून बसला. बरं वाटण्याची सरासरी निघत नाही, असं मुलीनं समजावलं, तेव्हा बाबांनी शेऱ्यांसाठी वेगळा रकाना मागून घेतला.

पुढे मुलीला परगावी नोकरी लागली. जाण्याआधी तिनं ठोकळ्यात काही सुधारणा केली आणि तपासण्यापुरतं माझं नाव खोडून सात आकडे थेट त्याच्यातच लिहिले. तेवढ्यात गाडीची वेळ झाली. आकडे तिथेच राहिले.

बाबा मला रोज भरत होते. १४०, १५२, १६१. शेऱ्यात 'डोकं जड', 'जिन्यात दोनदा थांबलो'. ठोकळा माझ्याकडे ढुंकूनही न बघता तेच सात आकडे चघळून सांगायचा, 'सरासरी १२८, ठीक आहे.' बाबा खूश. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. मला फक्त रकाने आहेत.

पकडलं ते आईनं. तिला कोडमधलं ओ की ठो कळत नाही. तिनं मुलीला फोन लावला.

"अगं, तीन आठवडे हे १२८च म्हणतंय. तुझ्या बाबांचं भाजीबद्दलचं मतसुद्धा इतके दिवस टिकत नाही."

मुलीला गाडीच्या घाईत राहिलेले ते सात आकडे आठवले. मग तिनं फोनवर एकेक अक्षर सांगत आईकडून ते आकडे खोडून घेतले आणि माझं नाव परत लिहवून घेतलं. ठोकळा चालला. '१६४. डॉक्टरांना फोन करा.'

"आत्ता तर ठीक म्हणत होतं," बाबा म्हणाले.

"ते जुनं होतं. चप्पल घाला."

डॉक्टरांनी त्याच दिवशी गोळ्या बदलल्या. बाबा पुढे नऊ वर्षं मला भरत राहिले. आता ते नाहीत, आणि मला नवी ओळ नाही.

माझं मागणं मोठं नाही. आपल्या माणसाचं ठीक चाललंय असं ठरवण्याआधी आजचा आकडा त्यालाच विचारा. मुलगी आता रोज सकाळी आईला फोन करते. कशी आहेस, असं विचारते, आणि उत्तर येईपर्यंत थांबते.