आई किती उंच?

निहार बर्फावर उतरला की रिंकमधल्या गारठ्यातही श्रीरंगला घाम फुटायचा. कनाटा या उपनगरातल्या क्लबच्या आइस हॉकी निवडीला आलेल्या डिफेन्समनमध्ये त्याचा लेक सगळ्यांत बुटका होता. पण खेळ कसला! दीडपट आकाराचा पोरगा अंगावर आला, तर निहारने न धडकता त्याला कडेच्या फळीकडे वळवत नेलं आणि अलगद पक, म्हणजे ती रबरी चकती, काढून घेतली.

मूर्ती लहान पण कीर्ती महान, हे इथे कोणाला सांगणार? खेळ पाहून झाला की हे कोच आईबापांची उंची बघतात आणि पोर किती वाढेल याचा अंदाज बांधतात. म्हणून श्रीरंग मुद्दाम वरच्या पायरीवर उभा होता आणि अक्षताला, म्हणजे बायकोला, त्याने गाडीतच बसवून ठेवलं होतं. लेकाला अंडी, दूध, दांडीला लोंबकळणं, सगळं करून झालं होतं. स्वतःच्या हाडांचं काय करणार, कपाळ!

कोच डग शेजारी येऊन उभे राहिले, तेव्हा श्रीरंगची नजर त्यांच्या छातीवरच्या खिशाशी आली.

"पोराला डोकं आहे," ते मनापासून म्हणाले. "आई उंच आहे का त्याची?"

"आहे ना! माझ्यापेक्षा बरीच," श्रीरंगने ठोकून दिलं.

डगचा चेहरा उजळला. तेवढ्यात राहवलं नाही म्हणून अक्षता आत आलीच. "निहार, मी आलेय रे!" तिने खालून हाक मारली.

निहार गर्रकन वळला. "आई, व्हेअर आर यू?"

डगनेही वळून पाहिलं. काचेशी उभ्या पालकांच्या पाठीमागे, लेक दिसावा म्हणून, अक्षता उड्या मारत होती.