चौदा नंबरची किटली

विजेच्या किटल्यांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर बसणाऱ्या तपासनिसाचं काम साधं होतं: पाणी उकळायचं, हँडलला धरून तीन हिसके द्यायचे, आणि मगच बुडाला आपला चौदा नंबरचा स्टिकर लावायचा. त्यात त्याने स्वतःच्या डोक्याने सुधारणा केली होती. सकाळी हात कोरडे असतानाच सगळे स्टिकर चिकटवून मोकळं व्हायचं, तपासणी मग दिवसभर सावकाश. ओल्या हाताने स्टिकर निघतात, असं तो गंभीरपणे सांगे. आळशी माणसाइतकी पद्धतशीर कारणं कोणाला सुचत नाहीत.

एका मंगळवारी वीज गेली. टेम्पो दारात उभा होता. हमालांनी स्टिकर बघून न तपासलेल्या चाळीस किटल्या भरल्या. त्याने ओरडायला तोंड उघडलंही होतं, पण समोर सुपरवायझर दिसला आणि त्याच तोंडाने त्याने जांभई दिली.

महिन्याभराने तो बायकोबरोबर सासूबाईंना बघायला गेला. त्या पलंगावर, पाय उशीवर, घोट्यापर्यंत पट्टी.

"हँडल हातात राहिलं आणि किटली पायावर," त्या म्हणाल्या. "माझाच हात वेंधळा."

"दुकानदाराला सांगितलंस?" बायकोने विचारलं.

"कुठल्या तोंडाने सांगू? चार किटल्या उलट्यापालट्या करून चौदा नंबर शोधला मी. तो म्हणाला, आजी, बुडाला काय बघताय? म्हटलं, आमचे जावई बसतात त्या कारखान्यात, त्यांच्या हाताखालून गेलेली वस्तू आहे."

"ह्यांच्या हाताखालून गेलेली? आमचा गळका नळ बघायला ये एकदा," बायको म्हणाली.

दोघी हसल्या. त्यालाही हसावं लागलं. उरलेल्या एकोणचाळीस घरांत आत्ता कोण कोण किटली उचलत असेल, ते त्याच्या डोळ्यांसमोर येत होतं.

"आई, बिल आहे ना? तक्रार करू या."

"नको हो जावईबापू. तुमच्या नोकरीवर गदा यायची."

इथे गप्प बसणं किती सोपं होतं. पुन्हा एक जांभई पुरली असती.

"तुमचा हात वेंधळा नाही, आई," तो म्हणाला. "ती किटली मी तपासलीच नव्हती."

बायकोचं हसू तोंडावरच राहिलं. सासूबाईंनी एकदा पट्टीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बिल कपाटात आहे. लिहा तुम्हीच."

त्याने कंपनीला आणि ग्राहक मंचाला, दोन अर्ज लिहिले. त्या दिवशीच्या सगळ्या किटल्या परत मागवा, हेही लिहिलं. सासूबाईंनी चष्मा लावून सावकाश वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"'घाईत नजरचूक झाली.' नजर होती का तिथे?"

त्याने दोन्ही अर्जांतली ती ओळ खोडली आणि लिहिलं: चौदा नंबरने ही किटली न तपासता जाऊ दिली.

तेव्हा त्यांनी सही केली. "जेवून जा," म्हणाल्या. 'जावईबापू' मात्र म्हणाल्या नाहीत.