तिसरा रकाना

भाचीने तार उपसली, तिची टोके पुसली आणि पुन्हा खोचली. पडद्यावर तेच वाक्य उमटले: समोरचे बोर्ड सापडले नाही.

"कितव्यांदा?" आत्यांनी विचारले.

"सातव्यांदा."

"मग आठव्यांदा काय वेगळं होणार आहे?"

आत्यांच्या छोट्या कारखान्यात टेबलावर तळहाताएवढे बोर्ड पडले होते. त्यावरची चिप नवजात बाळांच्या ऊबपेटीचे तापमान पाहत असे आणि ते वाढले की घंटा वाजवीत असे. ती घंटा उशिरा वाजते, हे काल लक्षात आले होते. चूक प्रोग्राममधल्या एका आकड्याची होती. दुरुस्त प्रोग्राम संगणकात तयार होता. तो चिपमध्ये उतरवायचा तर मध्ये डीबगरची काळी डबी लागे, आणि त्या डबीला आज चिप दिसतच नव्हती.

दाराजवळच्या स्टुलावर रुग्णालयाचा तंत्रज्ञ मांडीवर रिकामी बॅग घेऊन बसला होता.

"बाई, घाई करतोय असं नाही," तो म्हणाला. "पण सिस्टर सकाळपासून पेटीपाशी थर्मामीटर घेऊन बसलीय. दर पाच मिनिटांनी मोजते. जेवायलासुद्धा उठली नाही. दुसरी पेटी रिकामी असती तर बाळ तिकडे हलवलं असतं."

"बाळ केवढं?"

"सव्वा किलो."

आत्या भाचीकडे वळल्या. "नवी चिप?"

"दहा दिवस लागतील."

"मग हिच्याशीच बोलायचं. वीज पोचतेय?"

"पोचतेय. दोनदा मोजली."

आत्यांनी भिंग डोळ्याला लावले आणि बोर्डावरचा एकेक सांधा पाहिला. चाळीस वर्षे त्यांनी स्वतःच्या हाताने सांधे जोडले होते. कच्चा सांधा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. एकही कच्चा नव्हता.

"डबीच बिघडली असेल तर..." भाची म्हणाली.

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. जुन्या बोर्डाला लावून बघ."

जुन्या बोर्डाला डबी लावताच पडद्याने ओळख दिली. डबी धडधाकट होती. तंत्रज्ञाने घड्याळ पाहिले.

"दादा, तुम्ही खाली जाऊन चहा घ्या ना," भाची म्हणाली. "झालं की हाक मारते."

"नको, इथंच बरा आहे."

त्याला बाहेर धाडण्याचा तिचा हा दुसरा प्रयत्न होता. आत्यांनी तो टिपला. पोरगी परक्या माणसासमोर लाजते आहे, असे त्यांना वाटले, आणि त्यांची नजर सवयीने खुंटीवरच्या वहीकडे गेली. कारखान्यात झालेली प्रत्येक चूक त्या वहीत चढे. तारीख, बिघाड, चूक कोणाची आणि शेरा, असे चार रकाने. तिसऱ्या रकान्यात ज्याने त्याने आपले नाव आपल्या हाताने लिहायचे. शेरा आत्यांचा, हिरव्या शाईत, आणि बहुधा एकच: विचारायला हवे होते.

"बोर्डाचा आराखडा दाखव."

"मी पाहिलाय, आत्या."

"मी नाही पाहिला."

आराखडा टेबलावर पसरलेलाच होता. त्याच्या उजव्या कोपऱ्यावर मीटर ठेवलेले होते. मघाशी वीज मोजतानाही भाचीने ते जागचे हलवले नव्हते. तारा ताणून काम भागवले होते. आत्यांनी मीटर उचलले.

खाली चिपच्या दोन पायांभोवती, म्हणजे बारीक पिनांभोवती, हिरवे वर्तुळ होते. शेजारी लिहिले होते: हे दोन पाय रिकामे कशाला? दुसरा दिवा येथे जोडावा.

कारखान्यात हिरवे पेन एकच होते.

आत्यांनी त्या वर्तुळावरून बोट फिरवले. मग मीटर त्यांनी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवले.

"डबी याच दोन पायांतून बोलते?"

"हो. पण चिप जागी झाली की प्रोग्राम पहिल्यांदा हे पाय दिव्याला देऊन टाकतो. मग आपली हाक आत जातच नाही."

"तुला कधी कळलं?"

भाचीने तार बोटाभोवती गुंडाळली. "तिसऱ्या वेळी."

तंत्रज्ञ आपल्या बुटांकडे पाहू लागला.

"बाळ सव्वा किलोचं आहे," आत्या म्हणाल्या, "आणि तू माझी अब्रू सांभाळत बसलीस."

भाचीने बोटाभोवतीची तार सोडवली.

"उपाय?"

"रीसेटचं बटण दाबून धरलं की चिप जागी होत नाही. डबी हाक मारेल त्याच क्षणी ते सोडायचं. दोन माणसं लागतात."

आत्यांनी बांगड्या मागे सारल्या आणि खुर्ची पुढे ओढली. ते बटण मोहरीपेक्षा थोडेच मोठे होते. त्यांनी त्यावर तर्जनी ठेवली.

"सांग."

"धरा." भाचीने संगणकाची कळ दाबली. "सोडा."

सापडले नाही.

"लवकर सोडलंत," ती म्हणाली, आणि आपण कोणाला बोललो हे उमगून तिने खालचा ओठ चावला.

"पुन्हा."

"धरा. सोडा." या खेपेला उशीर झाला. आत्यांनी डाव्या हाताने आपलेच मनगट धरले.

"माझ्या तोंडाकडे बघू नका, आत्या. फक्त आवाज ऐका. धरा. सोडा."

पडद्यावर चिपचे नाव उमटले. प्रोग्राम उतरला. भाचीने तापमान मोजणाऱ्या टोकावर गरम हवा धरली आणि घंटा वेळेवर खणखणली. तंत्रज्ञाने बोर्ड बॅगेत ठेवले. जिन्यावरून त्याची धावती पावले ऐकू आली.

भाचीने खुंटीवरची वही काढली. तारीख घातली, 'तार सैल होती' असे लिहिले आणि तिसऱ्या रकान्यावर पेन टेकवले.

आत्यांनी हात पुढे केला. वही त्यांच्यापुढे आली. 'तार सैल होती' यावर त्यांनी एक सरळ रेघ ओढली, खाली खरा बिघाड लिहिला आणि तिसऱ्या रकान्यात आपले पूर्ण नाव घातले. त्या रकान्यात हिरवी शाई आजवर कधी गेली नव्हती.

मग वही त्यांनी भाचीकडे सरकवली.

"शेरा."

"मी?"

"आपल्याच चुकीवर आपणच शेरा मारायचा, असा नियम मी केलेला नाही."

भाचीने निळ्या शाईत लिहिले: विचारायला हवे होते.

आत्यांनी चष्मा सारखा करून ते वाचले.

"अक्षर सुधार," त्या म्हणाल्या, आणि वही खुंटीला न लावता, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी, टेबलावर उघडीच ठेवली.