गाणारा मासा कुणाचा?

मित्रांनो, जवळ या, पण हात लावू नका. माझी शाई तेलाची आहे आणि ती कधीच पुरती वाळत नाही. तुम्ही घरी जाऊन भिंतीला बोटं पुसाल आणि बोलणी मी खाईन.

मी छपाईची एक जुनी मशीन आहे. ताम्पेरे शहरातल्या एका चार मजली इमारतीच्या तळघरात राहते. लढाई झालीच तर लोकांनी लपावं म्हणून हे तळघर बांधलं होतं. लढाई आली नाही, म्हणून आम्ही आलो. शेजारच्या खोलीत इमारतीचं सौना, म्हणजे वाफ घेत बसायचं न्हाणीघर, आहे. त्याची वाफ फटीतून आत येते आणि माझे कागद वाकडे होतात. ही तक्रार मी कितीतरी वर्षं करते आहे, पण मशीनचं ऐकतंय कोण?

माझं काम सोपं आहे. वरच्या काचेवर चित्र ठेवलं की मी ते एका पातळ कागदावर बारीक भोकांनी उतरवून घेते. तो कागद शाईच्या ड्रमला गुंडाळते आणि मग खटक-फस, खटक-फस करत छापत सुटते. एका वेळी एकच रंग. दुसरा हवा असेल तर ड्रम बदला आणि तेच कागद पुन्हा घाला.

माझी उमेदीची वर्षं चर्चच्या कचेरीत गेली. रविवारची स्तोत्रं, लग्नाची पत्रकं, अंत्यविधीची पत्रकं, सगळं निळ्या शाईत. मला चालवायची ती सिर्का. दणकट बाई, तोंडानं फटकळ, पण माझा रूळ कधी कोरडा पडू दिला नाही तिनं. पाद्रीबुवा येता-जाता माझ्या पाठीवर थाप मारायचे. मला वाटायचं, आपल्यावाचून या लोकांचं देवाशी बोलणंच व्हायचं नाही.

मग कचेरीत एक नवी पांढरीशुभ्र मशीन आली. ती आवाज करत नव्हती आणि तिचा डाग पडत नव्हता. मला ओढत बोळात नेलं. माझ्या डोक्यावर जिरेनियमची कुंडी ठेवली. लोक तिला पाणी घालायचे आणि उरलेलं माझ्या अंगावर सांडायचे. त्या दिवसांबद्दल जास्त बोलवत नाही.

सिर्का निवृत्त झाली तेव्हा कचेरीनं तिला काचेची फुलदाणी देऊ केली. ती म्हणाली, फुलदाणी राहू द्या, मला बोळातली मशीन द्या. सगळे हसले. तिनं मला आपल्या इमारतीच्या तळघरात आणलं, नारिंगी शाईचा एक जुना ड्रम कुठूनसा मिळवला आणि दारावर पाटी लावली की ज्याला छापायचं असेल त्यानं आपला कागद आणावा आणि जाताना फरशी पुसावी. महिनाभरात पोरापोरींची ही रीघ लागली. ज्यांच्या टेपा कोणतीच कंपनी काढत नाही ते गाणारे आले, ज्यांची चित्रं कोणत्याच दालनात टांगत नाहीत ते चित्रवाले आले. स्तोत्रं छापणारी मी, आता राक्षस छापू लागले. आणि खरं सांगते, मला मजा येऊ लागली.

तळघराची एक रीत होती. बिघडलेला कागद फेकायचा नाही, दाराजवळच्या खोक्यात टाकायचा. पुढच्यानं चाचणी घ्यायला तोच वापरायचा. त्यामुळे एकाच्या चित्रावर दुसऱ्याचं चित्र आणि त्यावर तिसऱ्याची अक्षरं अशी खिचडी होत राहायची.

सकाळी सकाळी, इमारत झोपलेली असताना, ओक्को यायचा. दिवसभर तो खिडक्या पुसायची कामं करी. माझ्यावर तो एकच गोष्ट छापायचा: लांब जबड्याचा हाउकी मासा. कधी रेनकोट घातलेला, कधी बस चुकलेला, कधी डोक्याला रुमाल बांधून बटाटे सोलणारा. हे मासे तो शहरातल्या विजेच्या खांबपेट्यांवर चिकटवून यायचा, बिनसहीचे. अख्खं ताम्पेरे विचारत होतं, हा मासेवाला कोण? मला ठाऊक होतं. पण मला तोंड कुठं आहे?

संध्याकाळी यायची हिल्प्पा. बाजारात दालचिनीचे बन भाजून दमलेली, बाहीला पीठ लागलेलं. ती कांतेले वाजवते. मांडीवर घेऊन छेडायचं तारांचं वाद्य आहे ते, तिच्या आजोबांनी स्वतः बनवलेलं. तिची गाणी मी ऐकली आहेत. मी गाण्यातली फार जाणकार नाही, पण ती गायला लागली की माझं आतलं तेलसुद्धा हलकं वाटायचं. तिनं याआधी दोन टेपा काढल्या होत्या. दोन्हींची खोकी जशीच्या तशी परत आली. तिसरीच्या वेळी तिनं माझा खटक-फस आवाजच रेकॉर्ड करून एका गाण्याला ताल म्हणून घेतला. मी किती फुगले असेन, तुम्हीच ठरवा.

पण ते गाणं जुळल्यावर ती सिर्काला म्हणाली, "ही शेवटची. हीसुद्धा कुणी ऐकली नाही तर कांतेले विकून टाकते. भिंतीवर टांगून रोज तिच्याकडे बघत बसायचं, हे माझ्यानं होणार नाही."

सिर्कानं नुसता कॉफीचा कप पुढे केला.

हिल्प्पा गाण्यांची नावं छापून बघत होती. चाचणीला तिनं खोक्यातला एक कागद ओढला. त्यावर ओक्कोचा बिघडलेला नारिंगी हाउकी होता, तोंड उघडलेला. माझा निळा ठसा त्यावर बसला आणि गाण्यांची नावं नेमकी माशाच्या जबड्यातून बाहेर पडू लागली. मासा गात होता! हिल्प्पा तो कागद घेऊन फरशीवरच बसली. बाजारासमोरच्या खांबपेटीवरच्या माशाजवळ ती रोज सकाळी क्षणभर थांबायची. तो मासा याच तळघरातून जातो हे तिला आत्ता कळत होतं.

आता तुम्ही म्हणाल, थांबायचं ना सकाळपर्यंत, भेटायचं त्याला. छे! एवढं धाडस आमच्याकडे कुणी करत नाही. तिनं तो कागद माझ्या काचेवर ठेवला आणि निघून गेली. सकाळी ओक्कोनं तो पाहिला. डोक्यावरची टोपी काढली आणि दुसऱ्या दिवशी काचेवर एक स्वच्छ, सुबक, गाणारा हाउकी ठेवून गेला. तिनं त्यावर नावं बसवली. त्यानं कल्ले सुधारले. असं कितीतरी दिवस चाललं. दोघांची एकदाही गाठ नाही, आणि मध्ये मी! वेष्टणाचा कागद चांगला वहीच्या पानाएवढा झाला, घड्या घालून टेपच्या डबीत बसेल असा.

आणि इथंच घोटाळा झाला. ओक्कोला वाटलं, गाणी तिची, आपण कशाला मध्ये नाव खुपसायचं? हिल्प्पाला वाटलं, चित्र एवढं सुंदर, त्यावर आपलं नाव टाकणं म्हणजे मिरवणं झालं. दोघांनी एकमेकांसाठी खाली कोपरा मोकळा सोडला. मी सगळी वेष्टणं छापली, कोपरा रिकामाच. वर हिल्प्पानं टेपांचं खोकं गाण्यांच्या टेपा विकणाऱ्या पेंत्तीच्या दुकानाच्या पायरीवर ठेवलं, तेही दुकान उघडायच्या आधी. आत जाऊन हातात देणं तिला आगाऊपणाचं वाटलं.

सिर्काच्या हे ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं, कचेरीत मी मेलेल्या माणसांचीसुद्धा नावं छापत होते. तुम्ही तर दोघंही जिवंत आहात!"

हिल्प्पा म्हणाली, जाऊ दे, कोण विचारणार आहे.

दिवस गेले. कुणाचा फोन नाही, निरोप नाही. हिल्प्पानं कांतेले विकायची जाहिरात दिली. लाहतीहून एक गृहस्थ शनिवारी ती न्यायला येणार ठरलं. शुक्रवारी ती तळघरात बसून कांतेलेच्या तारा पुसत होती. रडत नव्हती, नुसती पुसत होती. मला एवढं वाईट वाटलं की काय सांगू. आपला आवाज तिच्या गाण्यात आहे आणि ते गाणं कुठंच पोचलं नाही, असं मला वाटत होतं.

तेवढ्यात सिर्का धापा टाकत जिना उतरली. ती पेंत्तीच्या दुकानावरून येत होती. दुकानाच्या काचेत आमचं वेष्टण लावलं होतं आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: हा गाणारा मासा कुणाचा? पेंत्ती बिचारा कधीचा शोधत होता. टेपा केव्हाच संपल्या होत्या. लोक रोज येऊन विचारत होते आणि त्याला उत्तर देता येत नव्हतं.

हिल्प्पा म्हणाली, "लोक म्हणजे कोण? दोन-चार जण?"

"तूच मोज," सिर्का म्हणाली. "उद्या सगळ्यांना इथं बोलावलंय. ज्याच्याकडे टेप आहे त्यानं वेष्टण घेऊन यावं, नाव छापून मिळेल. आणि त्या लाहतीवाल्याला फोन करून सांग, घरीच बस म्हणावं."

शनिवार उजाडला. लोक आले, जिना भरला, अंगण भरलं. सगळ्यांच्या हातात घड्या उलगडलेली वेष्टणं. सकाळी कामाला येणारा ओक्कोसुद्धा संध्याकाळी आला आणि दारापाशी भिंतीला चिकटून उभा राहिला. सिर्कानं त्याला दंडाला धरून पुढे आणलं आणि हिल्प्पासमोर उभं केलं.

दोघं एकमेकांच्या बुटांकडे बघत राहिले.

"मासा तुझा?" हिल्प्पानं विचारलं.

"हो. गाणी तुझी?"

"हो."

सिर्कानं कागद आणि पेन पुढे सरकवलं, नावं लिहा म्हणाली. दोघांचेही हात मागे. स्वतःचं नाव लिहायला कुणी तयार होईना. सगळे ताटकळलेले. मग ओक्को हळूच म्हणाला, "तुझं नाव सांग. मी लिहितो." त्यानं तिचं नाव लिहिलं. तिनं त्याचं लिहिलं. मित्रांनो, एवढ्या काळजीनं काढलेली अक्षरं मी स्तोत्रांच्या काळातही पाहिली नव्हती.

हिल्प्पा कांतेले घेऊन माझ्याजवळ बसली. सिर्कानं कळ दाबली. खटक-फस. तिनं तार छेडली. मला घाम फुटायचाच बाकी होता. शनिवार असल्यामुळे शेजारी सौना पेटलेलं, हवा दमट, आणि कागद घड्या पडलेले. एक जरी अडकला असता तरी ताल तुटला असता आणि गाणं फसलं असतं. ओक्को एकेक कागद सपाट करून मला भरवत होता. एकही अडकला नाही. इतक्या वर्षांत अशी मी कधीच चालले नव्हते. प्रत्येक वेष्टणाच्या कोपऱ्यात दोन नावं उमटत होती आणि हातोहात मागे जात होती.

गाणं संपलं. कुणी हललं नाही. आमच्याकडचे लोक असेच, आवडलं की मुके होतात. हिल्प्पाचा चेहरा उतरला. तेवढ्यात जिन्यावरून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "पहिल्यापासून घे, हिल्प्पा." मग सगळ्यांनीच तिचं नाव घेतलं, आणि मग त्याचं. तळघराच्या त्या जाड भिंती, बॉम्ब झेलायला बांधलेल्या, त्या दिवशी चांगल्याच हादरल्या.

कांतेले कुठं गेली नाही. आता ती रोज संध्याकाळी माझ्या शेजारी वाजते, आणि मी दमलेली असले तरी तालात चालते.

मित्रांनो, तुमच्याही गावात कुणीतरी असंच एखाद्या खोलीत गात असेल, चित्रं काढत असेल. त्यांना शोधा. माझ्यासारख्या जुन्या मशीनी दिसल्या तर त्यांना तेल घाला, वाफेपासून जपा, भंगारात देऊ नका. आणि आवडलं तर ज्याचं त्याला जाऊन सांगा, स्पष्ट, तोंडानं. तुम्हाला तोंड आहे.