हालसे फौजदाराविरुद्ध अर्ज

निलंग्याच्या तहसीलसमोर पत्र्याच्या शेडखाली सिंधु अर्ज लिहायला बसायची. नवरा गेला त्या साली तिनं टायपिंग शिकलं, पुढं एक जुना संगणक घेतला, आणि गेली चौदा वर्षं ती दुनियेची गाऱ्हाणी कागदावर उतरवत होती. फेरफार, वारसनोंद, बांधाची भांडणं. माणूस रडत येऊन काय काय सांगतो आणि त्यातलं कागदावर काय टिकतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "रडणं घरी ठेव बाबा, तारीख सांग," असं ती कुणालाही बिनदिक्कत म्हणायची.

दोन वर्षांमागच्या चैत्रात ती वेळ तिच्यावरच आली.

तिचे वडील ग्यानोबा मुरंबखेडला राहायचे, धाकट्या सुदामजवळ. घरची शेती, आणि दावणीला देवणी जातीचा एक गोऱ्हा. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, तालुक्यात नाव निघावं असा. तो गोऱ्हा शेतातून चोरीला गेला. आठ दिवसांनी ग्यानोबाला तो दिसला शेजारच्या गावात, मलप्पा नावाच्या जनावरांच्या व्यापाऱ्याच्या गोठ्यात. म्हातारा तिथून सरळ मुरंबखेडच्या पोलीस ठाण्यात गेला. मलप्पाचं आणि तिथल्या फौजदाराचं रोजचं उठणंबसणं आहे, हे त्याला माहीत नव्हतं.

फौजदार होता बजरंग हालसे. खुर्चीत रेलून तो म्हणाला, "जनावरावर तुझं नाव लिहिलंय का रे?"

"नाव न्हाई साहेब. पर हाक मारली की येतंय. चला, दाखवतो."

दोन शिपाई फस्सकन हसले. ते हसले फौजदारावर, आणि तेच हालसेच्या जिव्हारी लागलं. त्यानं उठून म्हाताऱ्याचा रुमाल उडवला, त्याला कान धरून उकिडवं बसवलं. "मार आता हाक, बघू कोण येतंय," म्हणत तोंडात भडकावत राहिला. सत्तरीचा माणूस आडवा झाला तेव्हा कुठं हात थांबला. डाव्या कानातून रक्त आलं होतं. "पुन्हा हिकडं फिरकलास तर तुझ्यावरच चोरीची केस ठोकीन," असं सांगून त्याला बाहेर काढलं.

सुदामचा फोन आला तशी सिंधु मिळेल ती एसटी धरून मुरंबखेडला पोचली. बाप भिंतीकडं तोंड करून पडलेला. सुदाम कुऱ्हाड घेऊन दारात.

"बाजूला हो आक्का. आज त्याचं मुंडकं आणतो."

"आण की. मग तू जल्मठेपेला, आन् त्याच्या बायकोला सरकारी नोकरी. लई भारी बदला झाला." तिनं त्याच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली. "तू नुसता ठाण्यात जाऊन वरच्या आवाजात बोललास ना, तरी सरकारी कामात अडथळा म्हणून तो तुला आत घालंल. मग आण्णांचं सगळं त्याच्याखाली दबलं. त्याला मारायचा न्हाई सुदाम. त्याला जित्ता ठेवायचा हाय. लई दिवस."

ती हे इतक्या थंडपणानं बोलली की सुदामच घाबरला.

दुसऱ्या दिवशी बापाला घेऊन ती लातूरला सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरनं विचारलं, "कशानं झालं?"

ग्यानोबा म्हणाला, "पडलो."

सिंधुनं बापाचा हात धरला. "आण्णा, लाज त्यानं धरायची, तुमी न्हाई. एकदाच खरं सांगा."

म्हाताऱ्यानं कानावरचा रुमाल नीट केला. मग बारीक आवाजात म्हणाला, "फौजदारानं मारलं. ठाण्यात." डॉक्टरनं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. कानाचा पडदा फाटलेला होता; त्या कानानं आता ऐकू यायचं नाही, असंही लिहिलं. सिंधुनं दाखल्याच्या प्रती काढल्या आणि ती आपल्या संगणकापुढं बसली.

तिनं दोन अर्ज लिहिले. पहिला दोन ओळींचा: अमुक तारखेचं, सकाळी दहा ते बाराचं, मुरंबखेड ठाण्याच्या कॅमेऱ्यातलं चित्रण जतन करून ठेवावं. त्यात मारहाणीचा उल्लेख नाही, की कुणाचं नाव नाही. तो तिनं जिल्ह्याच्या कार्यालयात स्वतः नेऊन दिला आणि पोच घेतली. ठाण्यातलं चित्रण काही महिन्यांनी आपोआप पुसलं जातं आणि "कॅमेरा बंद होता" हे उत्तर तयारच असतं, हे दुसऱ्यांचे अर्ज लिहून लिहून ती शिकली होती. दुसरा अर्ज म्हणजे खरी तक्रार. चांगली चार पानांची. वेळ, जागा, शिव्या, दवाखान्याचा दाखला, सगळं त्यात होतं. फक्त कॅमेऱ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. ते तिनं मुद्दाम गाळलं होतं.

पंधरा दिवसांनी जिल्ह्याची दोन माणसं मुरंबखेड ठाण्यात आली आणि कॅमेऱ्याच्या डिस्कची नक्कल काढून, मोहोरबंद करून घेऊन गेली. यंत्रं तपासायला अशी माणसं नेहमीच यायची. हालसेनं त्यांना चहा पाजला.

तक्रारीची चौकशी हालसेच्याच वरच्या एका अधिकाऱ्याकडं गेली. चार महिन्यांनी कागद आला: तक्रारीत तथ्य आढळून येत नाही. त्याच आठवड्यात हालसे काही कामानं तहसीलला आला आणि मुद्दाम तिच्या टेबलापाशी थांबला.

"काय बाई, धंदा चालू हाय ना? आमचं बी एक लिहून द्या. तथ्य न्हाई म्हणून."

आजूबाजूचे अर्जवाले खाली माना घालून बसले. सिंधुच्या मस्तकात जाळ उठला, पण आवाज तिनं खालचाच ठेवला.

"म्हंजे आण्णा ठाण्यात आलेच न्हाईत, असं म्हणणंय का तुमचं साहेब?"

"आला असंल दारू पिऊन भायेर. पडला असंल गटारीत. आत त्यानं पाय बी ठिवला न्हाई."

"मग हेच शपथेवर लिहून देशाल का?"

"कुठं बी देतो. शंभरदा देतो," म्हणून तो हसत निघून गेला. सिंधुनं समोरचा कागद नीट सरळ केला. तिला हवं होतं तेवढं झालं होतं.

पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला सरकारनं वेगळं प्राधिकरण नेमलेलं आहे. निवृत्त न्यायाधीश, निवृत्त अधिकारी असली माणसं तिथं बसतात. सिंधुनं प्रतिज्ञापत्र करून तक्रार तिकडं पाठवली. प्राधिकरणानं हालसेचं म्हणणं मागवलं. त्यानं ते दिलं, शपथेवर: ग्यानोबा त्या दिवशी ठाण्यात आला नाही, तो मद्यपी आहे. त्याची प्रत आली तशी सिंधुनं ते पान तीनदा वाचलं. ज्या बापानं जन्मात थेंब तोंडाला लावला नव्हता, त्याला या माणसानं सही करून दारुडा ठरवलं होतं. तिनं ते पान घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि सुनावणीच्या तारखेपर्यंत रोज उघडून वाचलं.

सुनावणीला तिनं वकील घेतला नाही. तिची पाळी आली तशी ती उठली.

"साहेब, माझं म्हणणं एवढंच, की जिल्ह्याच्या कार्यालयात एक मोहोरबंद डिस्क हाय. घटनेनंतर तिसऱ्या दिवशी मी अर्ज दिला होता. ही त्याची पोच."

हालसेनं झटक्यानं मान वळवली. त्याच्या वकिलानं त्याच्याकडं बघितलं, आणि सिंधु त्या दोघांकडं बघत राहिली. हा क्षण तिनं सात महिने मनात घोळवला होता, आणि आता तो चवीचवीनं बघत होती.

पुढच्या तारखेला चित्रण लावलं. आवाजासकट. रुमाल उडाला, म्हातारा उकिडवा बसला, चपराकी ऐकू आल्या. सिंधुनं पडद्याकडं बघितलं नाही. ती हालसेकडं बघत होती. मधेच त्यानं डोळे खाली घातले, तेव्हा ती अध्यक्षांना मोठ्यानं म्हणाली, "साहेब, ह्यांना बी बघायला सांगा. त्यांनी शपथ घेतलीय."

अध्यक्षांनी ते चित्रण पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.

आदेशाला वेळ लागला, पण आला. हालसे निलंबित झाला, खोटं शपथपत्र दिल्याचा आणि मारहाणीचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. मलप्पाच्या गोठ्यातून गोऱ्हाही निघाला, त्याच्यासोबत दुसऱ्यांची तीन जनावरं. गावानं गोऱ्ह्याला हार घातला. ग्यानोबा तेवढ्यापुरता अंगणात येऊन बसला आणि गलका नको म्हणून लवकरच आत गेला.

मग एका दुपारी हालसेची आई आली. बिलोलीकडची बाई, पंचफुलाबाई नाव. गाड्या बदलत बदलत विचारत विचारत ती मुरंबखेडला पोचली होती. सिंधु माहेरीच होती. तिनं पाणी दिलं, चहा दिला.

"लेकी, पोरगं चुकलं माझं," म्हातारी म्हणाली. "पोटचं पोर हाय ते. तू शिकलेली हाईस. घे माघारी. तुझ्या पाया पडते."

"मावशी, त्यानं काय केलं ते तुमाला म्हाईत हाय का?"

"कुणाला तरी एखादी चापट मारली म्हणं."

सिंधु आत गेली आणि तक्रारीची प्रत घेऊन आली. म्हातारीपुढं मांडी घालून बसली आणि तिनं चारी पानं वाचून दाखवली. एकही शिवी वगळली नाही. आपल्या लेकाच्या तोंडच्या त्या शिव्या ऐकताना म्हातारीनं दोनदा हात वर केला, पुरे म्हणून. सिंधु थांबली नाही. मग तिनं आण्णांना दारुडा ठरवणारं ते पान वाचलं.

पंचफुलाबाईनं तोंडाला पदर लावला. मग ती उठली, आतल्या खाटेजवळ गेली आणि ग्यानोबाच्या पायावर डोकं ठेवलं. ग्यानोबा गडबडून उठून बसला. "अवो, असं नका करू बाई," म्हणाला. आणि सिंधुकडं बघून, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, तिच्यावर खेकसला, "आईला कशाला ऐकवायचं ते? त्या माउलीनं मारलं का मला?"

सिंधुनं पानं घडी करून ठेवली. म्हातारीला एसटीपर्यंत सोडायला ती स्वतः गेली, खिडकीजवळची जागा धरून दिली. त्या रात्रीचं जेवण तिला गेलं नाही. पण तक्रार तिनं माघारी घेतली नाही, आणि सकाळी बापानं विचारलं तेव्हाही "न्हाई" एवढंच म्हणाली.

आता खटला कोर्टात चालू आहे. हालसे साध्या कपड्यांत येतो, पुकारा होईपर्यंत बाहेर व्हरांड्यात बाकी आरोपींबरोबर उभा राहतो. ग्यानोबाची साक्ष झाली, त्यानंतर तो एकदाही आला नाही. सिंधु मात्र प्रत्येक तारखेला अर्जांचं काम बंद ठेवून येते आणि पुढच्या बाकावर बसते. मागच्या महिन्यात सुदाम कंटाळून म्हणाला, "आक्का, साक्षी झाल्या तुझ्या. आता तुझं काय काम हाय तिथं?"

"त्यानं मागं वळून बघितलं की मी दिसले पायजे," सिंधु म्हणाली, आणि पर्समधली तारखेची चिठ्ठी काढून तिनं पुढची तारीख बघितली.